मोठ्या शहरात राहायचं कुठं? कोयना खोऱ्यातल्या मुलांसाठी एक पाठ



दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या कोयनानगरात आणि आजूबाजूच्या वाड्यांत एकच प्रश्न ऐकू येतो, "पोराला ठेवायचं कुठं?" आणि उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं. "धनकवडीत चुलता आहे." "कोपरखैरण्याला मामाची खोली आहे." "चाकणला गावातली चार पोरं राहतात, त्यांच्यात होईल पाचवा." कॉलेज किंवा कामाचं ठिकाण मात्र वेगळंच ठरतं. ते दोन्ही नकाशावर शेजारी शेजारी ठेवून कुणी बघत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका हुशार विद्यार्थ्याला पुण्यात मध्यवस्तीतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. राहायला आत्याकडे, शहराच्या पार कडेला. दोन बस बदलून जायला दीड तास, यायला दीड तास. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. सगळे म्हणाले, "पोराचं मन लागलं नाही." पण रोजचे तीन तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५ तास तो बसमध्ये उभा होता, हा हिशेब कुणीच केला नव्हता. मीही नाही. त्याला वर्गात नकाशा, प्रमाण, अंतर, वेग हे सगळं मीच शिकवलं होतं. ते स्वतःच्या आयुष्याला लावायला मात्र शिकवलं नव्हतं.

म्हणून हा पाठ तयार केला. तो जसा घेतो तसा इथे मांडतो आहे.

पाठाची माहिती

इयत्ता: आठवी ते दहावी. बारावीच्या मुलांनाही चालतो.
विषयांची सांगड: भूगोल (भूमी उपयोजन, नागरीकरण, वाहतूक), गणित (वेळ, अंतर, सरासरी) आणि मराठी (मुलाखत, पत्रलेखन).
वेळ: चार तासिका आणि घरी करायची एक मुलाखत.
उद्दिष्ट: शहरातला राहण्याचा भाग निवडताना कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या क्रमाने विचारायचे आणि त्यांची उत्तरं कुठून मिळवायची, हे विद्यार्थ्याला सांगता यावं.

१. आपल्या माणसांनी आधी कसं निवडलं?

सुरुवात पुस्तकापासून करू नका, घरापासून करा. पाटण तालुक्यात असं घर शोधून सापडणार नाही, ज्यातलं कुणीच मुंबईला गेलेलं नाही. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांना एवढंच विचारायला सांगा: "तुम्ही पहिल्यांदा मुंबईला गेलात तेव्हा कुठं राहिलात, आणि तिथंच का?"

उत्तरं ऐकण्यासारखी येतात. गिरणीत गेलेले लालबाग-परळच्या चाळीत राहिले. गावाची एक खोली असायची, तिच्यात पाळीप्रमाणे माणसं झोपायची आणि जेवण खानावळीत. खोली लहान, पण भोंगा झाला की चालत गिरणीत पोचता यायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तेव्हा 'गिरणीजवळ राहायचं' या निवडीचा पायाच निघून गेला. अनेक कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली, अनेक गावी परतली.

दुसरं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे आपल्याच पाटण तालुक्यातले. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. या खोऱ्यातली कितीतरी माणसं मस्जिद बंदरच्या बाजारात ओझी वाहायची आणि तिथंच आसपास राहायची. पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलला आणि बाजारामागोमाग माणसंही कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागात गेली. आज कोपरखैरण्यात आपल्याकडचा माणूस पावलापावलावर भेटतो, त्याचं कारण हे आहे.

फळ्यावर दोन वाक्यं लिहा. पहिलं: आपली माणसं कामाच्या जवळ राहिली. दुसरं: आपली माणसं आपल्या माणसांच्या जवळ राहिली. मग विचारा, आज यातलं कोणतं उरलंय? मुलं स्वतःच सांगतात, "दुसरं उरलंय, सर. पहिलं सुटलंय."

ओळखीच्या माणसाजवळ राहणं चूक आहे असं मुलांना मुळीच सांगू नका. आजारपणात, रात्री-अपरात्री, भाड्याला पैसे कमी पडले तर तोच माणूस उभा राहतो. परक्या शहरात याची किंमत फार मोठी आहे. फक्त ती अनेक बाजूंतली एक बाजू आहे, एवढंच मुलांना दिसायला हवं.

निवड करायला मिळणं हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. कोयना धरणात ज्यांची गावं गेली, त्यांच्यातल्या अनेकांना रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत जावं लागलं. कुठं जायचं हे त्यांच्या हातात फारसं नव्हतं. आपल्या मुलांच्या हातात ते आहे. मग ते विचार करून व्हावं.

२. पहिला प्रश्न: रोज कुठं पोचायचं आहे?

पुण्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावा. नसेल तर फळ्यावर काढा. मध्ये मुळा-मुठा नद्या आणि संगम, दक्षिणेला कात्रजचा डोंगर, नैऋत्येला खडकवासला. मग कामाच्या आणि शिक्षणाच्या जागा खुणा करून दाखवा.

- वायव्य आणि उत्तर: पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण. कारखाने, विशेषतः वाहनांचे.
- पश्चिम: हिंजवडी. संगणक कंपन्या.
- पूर्व: हडपसर, मगरपट्टा, खराडी. संगणक कंपन्या आणि इतर कामं.
- मध्य: शिवाजीनगर, डेक्कन, टिळक रस्ता, कर्वे रस्ता. जुनी कॉलेजं आणि सरकारी कचेऱ्या.
- दक्षिण: कात्रज, धनकवडी, आंबेगाव, नऱ्हे. सातारा रस्त्यावरून शहरात शिरताना पहिल्यांदा लागणारा भाग.

आता मुलांना विचारा, आपल्याकडची माणसं कुठं जास्त राहतात? बहुतेक हात दक्षिणेकडे जातात. त्याचं कारणही मुलांना कळतं. कराड-साताऱ्याकडची एसटी कात्रजवरून स्वारगेटला जाते, म्हणजे उतरायला सोपं, शनिवारी गावाकडची गाडी धरायला सोपं. गावाची वाट ज्या दिशेला, त्या दिशेला वस्ती! मुंबईतही, पुण्यातही हेच दिसतं.

पण गावाला महिन्यातून एकदा जायचं असतं आणि कामावर २५ दिवस. कात्रजला राहून चाकणला कामाला जाणाऱ्याचं एका बाजूचं अंतर ४० किलोमीटरच्या वर जातं, आणि तेही संपूर्ण शहर ओलांडून. मुलांना आपल्या मापात सांगा: हे रोज कोयनानगरहून पाटणच्याही बरंच पुढे, कराडच्या वाटेवर जाऊन परत येण्यासारखं झालं. वर्गात लगेच कुजबुज सुरू होते. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर असं पायाखाली आणून दाखवावं लागतं.

अंतराइतकाच महत्त्वाचा आहे वाहनाचा मार्ग. पुण्यातले मेट्रोचे दोन मार्ग पाहा. एक पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, दुसरा वनाज ते रामवाडी. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना छेदतात. स्वारगेटपर्यंतचा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे स्वारगेटजवळ राहून पिंपरीला जाणं आणि नऱ्ह्याला राहून हिंजवडीला जाणं यांत बरंच अंतर पडतं. मुलांना एक साधा नियम द्या: घर ते काम यात गाडी जास्तीत जास्त एकदा बदलावी लागावी. दोनदा बदलावी लागत असेल तर त्या घराचा पुन्हा विचार करा.

३. दुसरा प्रश्न: स्वस्त घर खरंच स्वस्त आहे का?

हा तास गणिताचा. खालचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या ओळखीच्या कुटुंबांकडून खरे आकडे आणा.

समजा कामावर जाणारे वडील, आई आणि शाळेत जाणारी एक मुलगी असं कुटुंब आहे.

घर 'अ', शहराच्या कडेला: भाडं ९,००० रुपये, पेट्रोल २,६००, शाळेची व्हॅन १,२००, टँकरची वर्गणी ८००. एकूण १३,६००.

घर 'ब', कामाजवळ: भाडं १२,५००, पेट्रोल ६००. शाळा चालत, पाणी नळाचं. एकूण १३,१००.

भाडं साडेतीन हजारांनी जास्त असूनही घर 'ब' पाचशे रुपयांनी स्वस्त पडलं. आता वेळ मोजू. 'अ'मधून वडिलांचा रोजचा प्रवास अडीच तास, 'ब'मधून ४० मिनिटं. फरक ११० मिनिटांचा. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,८६० मिनिटं, म्हणजे ४७ तास ४० मिनिटं. जवळजवळ दोन पूर्ण दिवस आणि दोन रात्री!

इथं थांबू नका, नाहीतर मुलांना वाटेल की जवळचं घर नेहमीच परवडतं. 'ब'चं भाडं १५,००० केलं तर काय होईल? एकूण १५,६००. म्हणजे 'अ' दोन हजारांनी स्वस्त. मग दोन हजारांना ४७ तास ४० मिनिटांनी भागा. ताशी साधारण ४२ रुपये येतात. आता वर्गाला विचारा: वडिलांचा एक तास ४२ रुपयांना विकायचा का?

या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. एका मुलीने सांगितलं होतं, "सर, घरी कर्ज असलं तर विकावा लागंल." बरोबर आहे तिचं. पण मग तो माहीत असून विकलेला असतो, नकळत गेलेला नसतो.

पालकांसाठी एक सूचना. जास्त भाड्याच्या घराला अनामतही जास्त लागते, आणि ती एकदम द्यावी लागते. ती जमवता न आल्यामुळेच अनेक कुटुंबं महिन्याच्या हिशेबाने महाग पडणारं घर घेतात. हेही हिशेबात लिहायला सांगा.

४. तिसरा प्रश्न: पाणी येतं कुठून आणि जातं कुठं?

या प्रश्नात आपली मुलं पुण्या-मुंबईच्या मुलांच्या पुढे आहेत. क्युसेक, विसर्ग, सांडवा, वक्र दरवाजे हे शब्द त्यांना पाठ करावे लागत नाहीत. कोयनेचे सहा दरवाजे किती फुटांनी उचलले, याची बातमी पावसाळ्यात घरात चहाबरोबर येते.

पाणी येण्याचं आधी बघू. १०५ टीएमसीच्या शिवसागराच्या काठची मुलं शहरात जाऊन टँकरचं पाणी विकत घेतात, हे त्यांना पटतच नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं घेतली गेली. हद्द वाढली, इमारती उभ्या राहिल्या, पण नळाचं पुरेसं पाणी सगळीकडे त्याच वेगाने पोचलं नाही. म्हणून "महापालिकेची हद्द आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. थेट विचारा: नळाला पाणी रोज येतं का, किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, त्याचे पैसे कोण देतं? हे प्रश्न घरमालकाला विचारू नका, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा.

आता पाणी जाण्याचं. पुण्याने १२ जुलै १९६१ ला पानशेतचा पूर पाहिला. ती धरण फुटल्याची आपत्ती होती. पण धरण न फुटताही घरात पाणी येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून निघणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत माणसं दगावली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. ओढा उन्हाळ्यात गटारासारखा दिसतो म्हणून तो ओढा नाही असं होत नाही.

मुलांना निळी आणि लाल पूररेषा समजावून सांगा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि डोंगरउताराचंही बोला. जुलै २०२१ मध्ये आंबेघर आणि मिरगावात काय झालं, ते आपल्या वर्गाला सांगावं लागत नाही. काही बाकांवर तो विषय जड जातो. तिथं हळुवारपणे, मुलांची तयारी पाहूनच बोला. शहरातही टेकडी फोडून उभ्या केलेल्या घराखाली उभं राहून वर बघावं, एवढी सवय त्यांना लागली तरी पुरे.

५. चौथा प्रश्न: शाळा, कॉलेज आणि कागद

कुटुंबासह जाणाऱ्या पालकांनी घर पाहण्याआधी शाळा पाहावी. मराठी माध्यमाची, चालत जाता येईल अशी शाळा कुठं आहे, तिथं पुढच्या इयत्ता आहेत का, हे आधी ठरवा. वर्ष मध्येच तुटलं की मूल मागं पडतं, हे आपण शिक्षक रोज पाहतो.

हे तीन मुद्दे पालकसभेत जरूर सांगा.

- शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार, आठवीपर्यंत शाळा बदलताना दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आणि आपल्यालाही दाखला अडवून ठेवता येत नाही.
- याच कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांसाठी घर ते शाळा हे अंतर मोजलं जातं. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. त्यामुळे इथं राहण्याचा भाग आणि पत्त्याचा पुरावा दोन्हींना महत्त्व येतं.
- भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "ओळखीतलं आहे, कागद कशाला" असं म्हणून तो टाळू नका. पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद पुढे कामाला येतो.

अकरावीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात आणि पसंतीक्रमाने दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. हा पसंतीक्रम नकाशा समोर ठेवून भरा. पहिलं कॉलेज कात्रजचं आणि दुसरं निगडीचं असेल, तर राहायची एकच जागा दोन्हींना कशी पुरेल?

नातेवाइकांचं घर दूर असेल तर वसतिगृहाचा पर्याय शोधा. शासकीय वसतिगृहं आहेत. पुण्यात ग्रामीण मुलांसाठी १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र मुलांसाठी स्वाधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. अटी आणि तारखा त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहा, आणि निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच कागद जमवायला लागा.

६. घर बघायला कधी जायचं?

पालक रविवारी दुपारी घर बघायला जातात. रस्ता मोकळा, गल्ली शांत. सोमवारी सकाळी तीच जागा वेगळी असते. शक्य असेल तर दोन वेळा जा: एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला, घरापासून कॉलेजपर्यंत प्रत्यक्ष बसने, घड्याळ लावून. आणि एकदा संध्याकाळी अंधार पडल्यावर, थांब्यावर उतरून घरापर्यंत चालत. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, शेवटची बस किती वाजता आहे? मुलगी राहणार असेल तर तिला बरोबर न्या आणि तिचं मत शेवटी नव्हे, आधी विचारा. त्या रस्त्याने रोज तिला चालायचं आहे.

७. वर्गातली कृती आणि मूल्यमापन

वर्गाचे पाच गट करा. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी द्या:

१. चाकणला कारखान्यात लागलेला आयटीआय झालेला मुलगा.
२. शिवाजीनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळालेली मुलगी.
३. हडपसरला काम मिळालेलं, दोन लहान मुलं असलेलं जोडपं.
४. वाशीच्या बाजारात काम करणारे काका आणि गावाहून शिकायला आलेला पुतण्या.
५. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला गेलेले आजी-आजोबा.

प्रत्येक गटाने दोन भाग निवडायचे, चारही प्रश्न लावायचे आणि एक ठरवायचा. ठरवल्यावर गावाकडच्या आईला किंवा वडिलांना पत्र लिहायचं: "आम्ही इथं राहायचं ठरवलं, कारण…" पत्रात निवडलेल्या भागाचा एक तोटाही लिहिलाच पाहिजे.

गुण देताना कोणता भाग निवडला हे पाहू नका. वेळेचा हिशेब बरोबर आहे का, पाण्याचा प्रश्न विचारला का, घरातल्या सगळ्यांचा विचार झाला का, तोटा प्रामाणिकपणे लिहिला का, हे पाहा. आजी-आजोबांच्या गटाने एकदा बस आणि मेट्रो सोडून "देऊळ, दवाखाना आणि बसायला कट्टा" असे तीन निकष लावले होते. त्यांना मी पूर्ण गुण दिले.

पालकहो, तुमचं मूल शहरात जाणार असेल तर आज संध्याकाळी त्याच्याबरोबर एक कागद घेऊन बसा. वर लिहा: रोज कुठं पोचायचं? त्याखाली: किती वेळ, किती पैसे, पाणी कसं, शाळा-कॉलेज आणि कागद काय, अडीअडचणीला जवळचं कोण? सगळी उत्तरं मिळतीलच असं नाही. पण चुलत्याला फोन लावताना "राहायला येऊ का?" याच्या आधी "तुमच्याकडून कॉलेजला किती वेळ लागतो?" हा प्रश्न तरी विचारला जाईल.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वेळी हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला.